गिल्बर्ट वॉकर

सर गिल्बर्ट थॉमस वॉकर (१४ जून १८६८ – ४ नोव्हेंबर १९५८) हे ब्रिटिश गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि हवामानशास्त्रज्ञ होते. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते. भारतीय मोसमी पावसाचे दीर्घ मुदतीचे भाकीत करता यावे, या हेतूने त्यांनी जगभरातील वायुदाब, तापमान आणि पर्जन्य यांच्या नोंदींचा परस्परसंबंध तपासला. त्या शोधातून पृथ्वीच्या वातावरणातील तीन विशाल वायुदाब-आंदोलने त्यांना आढळली. दक्षिणी आंदोलन, उत्तर अटलांटिक आंदोलन आणि उत्तर पॅसिफिक आंदोलन ही नावे त्यांनीच दिली आहेत. युरोपातील एखादा हिवाळा सौम्य का जातो आणि दुसरा कडाक्याचा का ठरतो, याचे आजचे स्पष्टीकरण मुख्यतः उत्तर अटलांटिक आंदोलनावर आधारलेले आहे. विषुववृत्तीय पॅसिफिक महासागरावरील पूर्व-पश्चिम वायुप्रवाहाला त्यांच्या गौरवार्थ वॉकर अभिसरण म्हणतात.

जन्म आणि शिक्षण

वॉकर यांचा जन्म इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील रॉचडेल येथे झाला. त्यांचे वडील स्थापत्य अभियंता होते. पुढे हे कुटुंब लंडनजवळच्या क्रॉयडन येथे स्थायिक झाले. शिष्यवृत्ती मिळवून वॉकर यांनी लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत प्रवेश घेतला. गणित आणि यंत्रशास्त्र या विषयांतील त्यांची गती शाळेतच दिसून आली होती.

१८८६ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. १८८९ च्या गणित ट्रायपॉस परीक्षेत ते सीनियर रँग्लर, म्हणजे सर्वप्रथम आले. रँग्लर हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. वॉकर यांच्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, हाच मान रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला आणि पुण्यात ते पुढे रँग्लर परांजपे याच नावाने ओळखले गेले.

अतिश्रमामुळे १८९० मध्ये वॉकर यांची प्रकृती ढासळली. पुढील काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये हवापालटासाठी काढावे लागले. तेथे बर्फावरील स्केटिंगचा छंद त्यांना जडला व तो दीर्घकाळ टिकला. १८९१ मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले आणि १८९५ पासून तेथे गणिताचे अध्यापन करू लागले.

गणितातील कार्य

वॉकर यांची प्रारंभीची ख्याती गतिशास्त्र आणि विद्युतचुंबकत्व या विषयांतील होती. विद्युतचुंबकीय क्षेत्रासंबंधीच्या प्रबंधाला त्यांना केंब्रिजचे ॲडम्स पारितोषिक मिळाले. खेळांतील वस्तूंच्या गतीमागचे गणित हा त्यांचा विशेष आवडीचा विषय होता. एका दिशेने फिरवल्यास सुरळीत फिरणारा, पण उलट दिशेने फिरवल्यास डगमगून आपोआप दिशा बदलणारा एक विलक्षण दगडी भोवरा असतो. त्याच्या गतीचे गणिती विवेचन त्यांनी १८९६ मध्ये केले. पुढच्याच वर्षी बूमरँगवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फेकलेले बूमरँग परत का येते, हे सांगताना ते केवळ सूत्रांवर विसंबले नाहीत. ते स्वतः निष्णात बूमरँगपटू होते आणि केंब्रिजमधील मित्र त्यांना बूमरँग वॉकर म्हणत. पक्ष्यांचे उड्डाण, गोल्फचा चेंडू आणि बिलियर्ड्स हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

१९०४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. तोपर्यंत हवामानशास्त्राशी त्यांचा विशेष संबंध आलेला नव्हता. त्यामुळे भारतातील हवामान विभागाची धुरा या गणितज्ञाकडे सोपवण्याचा निर्णय त्या काळी अनपेक्षित होता.

पार्श्वभूमी : दुष्काळ आणि पावसाचे भाकीत

या निर्णयामागे भारतातील दुष्काळांचा इतिहास होता. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मृत्युमुखी पडली. याच सुमारास, १८७५ मध्ये, भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली होती व हेन्री ब्लॅनफर्ड हे तिचे पहिले प्रमुख होते. पाऊस कमी पडणार हे काही महिने आधी कळले तर धान्य, चारा आणि मदतकामे यांची तयारी करता येईल, अशी अपेक्षा या विभागाकडून केली जाऊ लागली. हिमालयात हिवाळ्यात व वसंतात अधिक हिम साचले तर पुढील मोसमी पाऊस दुर्बळ होतो, असे अनुमान ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले. १८८६ पासून नियमित मोसमी भाकिते प्रसिद्ध होऊ लागली.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेले जॉन एलियट यांनी हिमाच्या जोडीला हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील परिस्थितीही विचारात घेतली. परंतु १८९९ मध्ये त्यांचे भाकीत पूर्णपणे चुकले. पाऊस बरा होईल अशी अपेक्षा असताना मोसमी पावसाने देशाच्या मोठ्या भागात दगा दिला. गुजरात आणि राजपुतान्यात विक्रम संवत १९५६ वरून हा दुष्काळ छप्पनिया म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला, तर मुंबई इलाख्याच्या अनेक जिल्ह्यांतही त्याची झळ तीव्र होती. वृत्तपत्रांनी हवामान विभागावर टीका केली. त्यानंतर काही काळ ही भाकिते केवळ सरकारी उपयोगासाठी गुप्त ठेवण्यात आली.

अनेक वर्षांच्या अनुभवावर व अंदाजावर आधारलेली पद्धत अपुरी पडते, हे एलियट यांना उमगले होते. आपला उत्तराधिकारी उत्तम गणितज्ञ असावा असे त्यांना वाटत होते आणि त्यांनी वॉकर यांची निवड केली. वॉकर यांनी युरोप व अमेरिकेतील हवामान संस्थांना भेटी देऊन नव्या विषयाची ओळख करून घेतली. १९०३ मध्ये ते भारतात आले आणि १९०४ च्या आरंभी त्यांनी एलियट यांच्याकडून पदभार स्वीकारला.

भारतातील कारकीर्द

विभागाचे मुख्यालय आधी कोलकाता येथे होते. १९०५ मध्ये ते शिमला येथे हलवण्यात आले. वेधशाळांचे महासंचालक या नात्याने हवामान केंद्रांबरोबर कोडाईकॅनल येथील सौर वेधशाळा आणि मुंबईतील कुलाबा वेधशाळा यांचा कारभारही वॉकर यांच्या अखत्यारीत होता. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असल्याने कुलाब्यातील चुंबकीय नोंदी बिघडण्याची भीती निर्माण झाली होती. म्हणून १९०४ मध्ये, म्हणजे वॉकर यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. ती आजही कार्यरत आहे.

वॉकर यांनी विभागात तरुण शास्त्रज्ञांना आणले. त्यांपैकी जॉर्ज सिम्पसन हे स्कॉट यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत हवामानतज्ज्ञ होते व पुढे ब्रिटनच्या हवामान कार्यालयाचे संचालक झाले. जॉन पॅटरसन यांनी पुढे कॅनडाच्या हवामान सेवेचे नेतृत्व केले. जॉन फील्ड हे उच्च वातावरणाच्या अभ्यासातले तज्ज्ञ होते आणि वॉकर यांच्यानंतर तेच महासंचालक झाले. वातावरणाच्या वरच्या थरांतील वारे व तापमान मोजण्यासाठी आग्रा येथे स्वतंत्र वेधशाळा उभारण्यात आली. वॉकर यांच्याच कारकिर्दीत, १९२२ मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांची कोलकात्याच्या अलिपूर वेधशाळेत नेमणूक झाली. भारतीय संख्याशास्त्राचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव पुढे जगभर झाले.

पहिल्या महायुद्धात विभागातील अनेक ब्रिटिश अधिकारी युद्धकार्यासाठी निघून गेले. तरीही सहसंबंधांच्या गणनेचे काम थांबले नाही. यांत्रिक संगणक नसलेल्या त्या काळात शिमल्याच्या कचेरीतील भारतीय कारकून आणि गणक यांनी हजारो बेरजा, वर्ग आणि गुणाकार हाताने केले. वॉकर यांच्या प्रसिद्ध कोष्टकांमागे या अनामिक सहकाऱ्यांचे श्रम आहेत.

श्रीनिवास रामानुजन यांच्या आयुष्याशीही वॉकर यांचा महत्त्वाचा संबंध आला. फेब्रुवारी १९१३ मध्ये ते मद्रास येथे आले असता पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी आपल्या कचेरीतील या कारकुनाचे गणित त्यांना दाखवले. शुद्ध गणितातील ही शाखा वॉकर यांच्या विशेष अभ्यासाची नव्हती. तथापि तिचे असामान्यत्व त्यांनी तत्काळ ओळखले. रामानुजन यांना उपजीविकेच्या चिंतेतून मुक्त करून काही वर्षे केवळ संशोधन करू द्यावे, अशी शिफारस त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्राने केली. त्यानंतर विद्यापीठाने रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली.

सहसंबंधाची पद्धत

पदभार स्वीकारल्यावर वॉकर यांनी मोसमी पावसाच्या कारणांविषयीचे प्रचलित सिद्धान्त बाजूला ठेवले. वातावरणाची यंत्रणा इतकी गुंतागुंतीची आहे की केवळ तर्काने तिचा उलगडा होणार नाही, असे त्यांचे मत झाले. त्याऐवजी, पाऊस आणि त्याच्याशी निगडित असू शकणारा प्रत्येक घटक यांचा संबंध आकड्यांत मोजावा आणि जो संबंध खरा ठरेल त्यावरच भाकीत उभारावे, हा मार्ग त्यांनी निवडला.

त्यासाठी त्यांनी सहसंबंध गुणांकाचा उपयोग केला. दोन घटक नेहमी एकाच प्रमाणात एकत्र वाढत असतील तर हा गुणांक +१ असतो. एक वाढला की दुसरा त्याच प्रमाणात घटत असेल तर तो –१ असतो. संबंध नसेल तर तो शून्याच्या जवळ राहतो. १९०९ मध्ये वॉकर यांनी हिमालयातील हिम, मॉरिशसमधील वायुदाब, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब आणि झांजिबारचा पाऊस या घटकांना योग्य ते भार देऊन मोसमी पावसाचे समीकरण मांडले. हवामानाच्या दीर्घ मुदतीच्या भाकितासाठी अशा गणिती समीकरणाचा वापर करण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होय.

या पद्धतीतील धोकाही वॉकर यांनी स्वतःच दाखवून दिला. वर्गातील ६४ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी सहा वेळा नाणे उडवले, तर त्यांपैकी एखाद्याला सहाही वेळा छाप मिळणे अगदी स्वाभाविक आहे. त्यावरून त्या विद्यार्थ्याच्या हातात काही जादू आहे असे कोणी मानत नाही. त्याचप्रमाणे शेकडो घटकांशी पावसाची तुलना केली तर त्यांतील एखादा घटक निव्वळ योगायोगानेही पावसाशी घट्ट जुळलेला दिसेल. म्हणून जितके अधिक घटक तपासले, तितकी खऱ्या संबंधाची कसोटी कडक असली पाहिजे, हे त्यांनी १९१४ मध्ये गणिताने सिद्ध केले. हवामानशास्त्रातील अनेक चक्रे आणि आवर्तने या कसोटीवर टिकली नाहीत. सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांच्यातील संबंधही प्रचलित समजापेक्षा क्षीण असल्याचे त्यांनी दाखवले. जंगलतोडीमुळे भारतातील पाऊस कायमचा घटला आहे काय, या प्रश्नाचा त्यांनी १९१० मध्ये नोंदींच्या आधारे विचार केला आणि तशा कायमस्वरूपी बदलाला पुरावा नसल्याचा निष्कर्ष काढला.

तीन आंदोलनांचा शोध

दूरदूरच्या प्रदेशांतील वायुदाब एकमेकांशी बांधलेले असतात, ही कल्पना वॉकर यांच्यापूर्वीही होती. अठराव्या शतकात ग्रीनलंडमध्ये राहिलेल्या डॅनिश धर्मोपदेशकांच्या लक्षात आले होते की डेन्मार्कमध्ये कडक हिवाळा पडतो तेव्हा ग्रीनलंडचा हिवाळा बहुधा सौम्य असतो, आणि उलटही घडते. फ्रेंच शास्त्रज्ञ तेसरांक द बॉर यांनी हवामानावर प्रभाव गाजवणाऱ्या वायुदाबाच्या मोठ्या केंद्रांकडे लक्ष वेधले. स्वीडनचे हिल्डेब्रँड्सन यांनी दूरच्या केंद्रांतील दाबांचे आलेख शेजारी मांडून त्यांतील विरोध दाखवला. नॉर्मन लॉकियर आणि त्यांच्या पुत्राने मुंबईचा वायुदाब आणि अर्जेंटिनातील कोर्दोबाचा वायुदाब तराजूच्या दोन पारड्यांसारखे वरखाली होतात, असे दाखवून दिले होते. कुलाबा वेधशाळेच्या दीर्घ आणि अखंड नोंदी या तुलनेसाठी मोलाच्या ठरल्या.

वॉकर यांचे वेगळेपण असे, की त्यांनी आलेखांवर नजर टाकून समाधान मानले नाही. जगभरातील केंद्रांची ऋतुवार आकडेवारी घेऊन त्यांनी प्रत्येक केंद्राचा इतर केंद्रांशी असलेला संबंध मोजला. त्या वेळच्या तिमाहीचा आणि त्याआधीच्या व नंतरच्या तिमाहींचाही. १९२३ आणि १९२४ मध्ये विभागाच्या प्रकाशनमालेत जागतिक हवामानावरील त्यांचे दोन मोठे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांत आकड्यांच्या जंगलातून तीन आकृतिबंध स्पष्ट झाले.

पहिला दक्षिणी आंदोलनाचा. पॅसिफिक महासागरावर वायुदाब सरासरीपेक्षा अधिक असतो, तेव्हा आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागरी प्रदेशात तो कमी असतो. आणि याच्या उलटही होते. हे आंदोलन तिन्हींत सर्वांत विशाल असून भारतीय मोसमी पावसाशी त्याचे निकटचे नाते आहे. दुसरा उत्तर पॅसिफिक आंदोलनाचा, म्हणजे हवाई बेटे आणि अलास्काकडील प्रदेश यांच्यातील दाबाच्या चढउताराचा. तिसरा उत्तर अटलांटिक आंदोलनाचा.

उत्तर अटलांटिक आंदोलन आणि युरोपचा हिवाळा

उत्तर अटलांटिक महासागरावर आइसलँडजवळ कमी दाबाचे, तर दक्षिणेस अझोर्स बेटांजवळ जास्त दाबाचे क्षेत्र सरासरीने असते. उत्तर गोलार्धात वारे कमी दाबाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आणि जास्त दाबाभोवती काट्यांच्या दिशेने वाहतात. त्यामुळे या दोन क्षेत्रांच्या मधल्या पट्ट्यात वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे महासागरावरून युरोपकडे वाहतात. हिवाळ्यात भूभागापेक्षा महासागर उबदार असतो. म्हणून हे वारे जितके जोरदार, तितकी ऊब आणि आर्द्रता युरोपच्या अंतर्भागात पोहोचते.

ही दोन दाबक्षेत्रे एकमेकांशी निगडित असल्याचे वॉकर यांच्या गणनेतून दिसले. आइसलँडजवळचा दाब नेहमीपेक्षा घटतो तेव्हा अझोर्सजवळचा दाब बहुधा वाढतो. दाबांतील फरक वाढतो, पश्चिमी वारे प्रबळ होतात आणि वादळे उत्तरेच्या मार्गाने जातात. ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि उत्तर युरोपात हिवाळा सौम्य व पावसाळी होतो. स्पेन, पोर्तुगाल आणि भूमध्य समुद्राचा प्रदेश कोरडा राहतो. त्याच वेळी आइसलँडजवळच्या कमी दाबाच्या पश्चिम बाजूने ध्रुवीय प्रदेशातील थंड वारे दक्षिणेकडे खेचले जातात. त्यामुळे ग्रीनलंडचा पश्चिम किनारा आणि कॅनडाचा लॅब्रडॉर प्रदेश अधिक गारठतो. ही आंदोलनाची धन अवस्था होय.

ऋण अवस्थेत दोन्ही दाबक्षेत्रे दुर्बळ होतात. पश्चिमी वारे मंदावतात, वादळे भूमध्य समुद्राकडे वळतात आणि उत्तर युरोपात पूर्वेकडून व उत्तरेकडून अतिथंड हवा शिरते. ब्रिटनमधील १९६२–६३ चा प्रदीर्घ गोठवणारा हिवाळा आणि उत्तर युरोपातील २००९–१० चा कडक हिवाळा ही ऋण अवस्थेची ठळक उदाहरणे आहेत. डॅनिश धर्मोपदेशकांच्या जुन्या निरीक्षणाचे कारण असे दीडशे वर्षांनी स्पष्ट झाले. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानांतील फरक हिवाळ्यात सर्वांत जास्त असतो व त्यामुळे वारे आणि दाबक्षेत्रेही सर्वांत प्रबळ असतात. म्हणूनच या आंदोलनाचा प्रभाव प्रामुख्याने हिवाळ्यात जाणवतो.

१९३२ मध्ये वॉकर यांनी ई. डब्ल्यू. ब्लिस यांच्या सहकार्याने या आंदोलनाचा निर्देशांक मांडला. आइसलँड, ग्रीनलंड, बर्म्युडा आणि व्हिएन्ना येथील वायुदाब तसेच नॉर्वे, स्कॉटलंड, ग्रीनलंड व अमेरिकेच्या पूर्व भागातील तापमान यांचा त्यात समावेश होता. पुढील काळात हा निर्देशांक सोपा करण्यात आला. १९९५ मध्ये जेम्स हरेल यांनी केवळ लिस्बन आणि आइसलँडमधील स्टिकिशोल्मर येथील वायुदाबांच्या फरकावर आधारलेला हिवाळी निर्देशांक रूढ केला. नॉर्वेतील जलविद्युत केंद्रांना मिळणारे पाणी, स्पेन-पोर्तुगालमधील नद्यांचे प्रवाह आणि उत्तर युरोपातील घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे इंधन यांचा विचार करताना आज या निर्देशांकाची दखल घेतली जाते.

इंग्लंडमधील कार्य

१९२४ मध्ये वॉकर भारतातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते नेपियर शॉ यांच्यानंतर हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले व १९३४ पर्यंत त्या पदावर राहिले. तेथे जागतिक हवामानावरील निबंधमाला त्यांनी पुढे चालवली. द्रवाच्या पातळ थरांना उष्णता देऊन ढगांच्या पट्ट्यांसारख्या रचना कशा निर्माण होतात, याचे प्रयोगही त्यांनी विद्यार्थ्यांसमवेत केले.

१९३१ मध्ये त्यांनी एका काल-श्रेणीतील पदे मागील पदांवर कशी अवलंबून असतात, याचे विवेचन केले. उडनी यूल यांच्या १९२७ मधील कार्याशी जोडून त्या समीकरणांना आज यूल–वॉकर समीकरणे म्हणतात. अर्थशास्त्र, अभियांत्रिकी आणि ध्वनिसंकेतांचे विश्लेषण अशा अनेक क्षेत्रांत ती वापरली जातात.

१९२६ ते १९२८ या काळात ते रॉयल मीटिअरॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९३४ मध्ये त्यांना संस्थेचे सायमन्स सुवर्णपदक मिळाले आणि पुढे काही वर्षे त्यांनी संस्थेच्या त्रैमासिकाचे संपादन केले. तत्पूर्वी १९१८ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले होते.

टीका आणि मर्यादा

वॉकर यांच्या समकालीनांपैकी अनेकांना त्यांच्या निष्कर्षांबद्दल शंका होती. दक्षिण गोलार्धातील दाबाचा कॅनडाच्या नैर्ऋत्य भागातील हिवाळ्याशी संबंध असावा, हे त्यांचे प्रतिपादन अविश्वसनीय वाटत असे. कार्यकारणभाव ठाऊक नसताना केवळ आकड्यांच्या जुळणीवर किती विसंबावे, हा आक्षेप रास्त होता. वॉकर यांनाही ही उणीव मान्य होती. या आंदोलनांमागील भौतिक कारण त्यांना सापडले नाही. महासागरांच्या पृष्ठभागाचे पुरेसे तापमान आणि वरच्या थरांतील वाऱ्यांच्या नोंदी त्या काळी उपलब्धच नव्हत्या.

ज्या उद्दिष्टासाठी सारा खटाटोप सुरू झाला, ते मोसमी पावसाचे विश्वसनीय भाकीतही पूर्णपणे साधले नाही. भारतातील पाऊस सर्वत्र सारखा वागत नाही हे ओळखून वॉकर यांनी द्वीपकल्प, वायव्य भारत आणि ईशान्य भारत असे विभाग पाडून स्वतंत्र समीकरणे तयार केली. परंतु काही घटकांचा प्रभाव काळाच्या ओघात क्षीण झाला आणि नवे घटक शोधावे लागले. त्यांच्यानंतर विभागाचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांच्या लक्षात आले की मोसमी पावसाचा संबंध आधीच्या घटनांपेक्षा नंतरच्या घटनांशी अधिक घट्ट आहे. म्हणजेच भारताचा मोसमी पाऊस जगाच्या हवामानामागून चालणारा नसून स्वतःच त्याला वळण देणारा आहे. दुष्काळाची आगाऊ सूचना मिळवू पाहणाऱ्यांसाठी ही निराशाजनक गोष्ट होती.

मृत्यू आणि पुनर्मूल्यांकन

वॉकर यांना बासरीची आवड होती आणि बासरीच्या रचनेत सुधारणा करण्याचे प्रयोग त्यांनी केले. जलरंगातील चित्रे काढणे आणि पक्ष्यांच्या विहरणाचे निरीक्षण करणे हेही त्यांचे छंद होते. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी सरे परगण्यातील कूल्सडन येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांची आंदोलने हवामानशास्त्राच्या मुख्य प्रवाहाबाहेर पडलेली होती.

योगायोगाने त्यांच्या अखेरच्या वर्षातच त्यांच्या कार्याचे पुनरुज्जीवन घडवणारी सामग्री गोळा होत होती. १९५७–५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. त्या काळात पॅसिफिक महासागरात मोठा एल निनो उद्भवला आणि प्रथमच त्याच्या विस्तृत नोंदी झाल्या. त्यांच्या आधारे नॉर्वेजियन-अमेरिकन शास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये समुद्र आणि वातावरण यांची सांगड घातली. पश्चिम पॅसिफिकच्या उबदार पाण्यावर हवा वर चढते, उंचावरून पूर्वेकडे जाते, दक्षिण अमेरिकेजवळच्या थंड पाण्यावर खाली उतरते आणि व्यापारी वाऱ्यांच्या रूपाने पश्चिमेकडे परतते. या चक्राला ब्येर्कनेस यांनी वॉकर यांचे नाव दिले. पूर्वेकडील पाणी तापले की हे चक्र मंदावते आणि दक्षिणी आंदोलनाचे पारडे फिरते. वॉकर यांना न सापडलेले कारण समुद्रात होते. एल निनोच्या वर्षी पश्चिम कॅनडाचा हिवाळा बहुधा सौम्य जातो, हेही पुढे प्रस्थापित झाले.

वारसा

१९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगर येथील विभागाच्या वास्तूला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी मोसमी पावसाच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र म्हणून पुण्याचे स्थान कायम राहिले. १९६२ मध्ये तेथे उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारित भाकिताचे प्रारूप तयार केले. दाब, हिम आणि एल निनो यांचा त्यात समावेश होता आणि वॉकर यांच्या समीकरणाशी त्याचे नाते उघड होते. २००२ च्या अवर्षणाची पूर्वसूचना या प्रारूपाला देता आली नाही व त्यानंतर त्यात फेरबदल करण्यात आले. सहसंबंध कालांतराने बदलतात हा वॉकर यांच्या काळातील अनुभव पुन्हा एकदा आला. आज संगणकीय प्रारूपे समुद्र आणि वातावरण यांची गणिते एकत्र सोडवतात, आणि त्यांची भाकिते पडताळताना वॉकर यांनी नाव दिलेल्या आंदोलनांचे निर्देशांक वापरले जातात.